ठोकळ्यांचा खेळ : दावे आणि पुरावे

खेळण्यांच्या दुकानात ठोकळ्यांचे खोके हातात घेऊन त्याची मागची बाजू वाचून पाहावी. 'हात व डोळे यांचा समन्वय साधतो', 'सूक्ष्म स्नायूंचा विकास होतो', 'मूल स्वावलंबी बनते', 'बुद्धी तल्लख होते' अशी चार-पाच वाक्ये तेथे हमखास छापलेली असतात. हीच वाक्ये पुढे बालवाडीच्या माहितीपत्रकात येतात, पालकसभेत ऐकू येतात आणि अध्यापक विद्यालयातील वह्यांतही उतरतात. औषधाच्या बाटलीवर असा मजकूर असता तर हे कोणी, कधी आणि किती जणांवर तपासून पाहिले असे आपण विचारले असते. खेळण्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. या लेखात आम्ही तो विचारणार आहोत, आणि तोही एक ते तीन वर्षे वयाच्या मुलांपुरता. कारण सर्वांत मोठे दावे याच वयाबद्दल केले जातात. आमचा स्वतःचा विषय पदार्थविज्ञान आहे, बालमानसशास्त्र नव्हे. परंतु ठोकळ्यावर ठोकळा ठेवणे ही क्रिया मानसशास्त्राइतकीच यामिकीचीही आहे, आणि तिची यामिकी समजल्याशिवाय खोक्यावरील वाक्यांपैकी कोणत्याला अर्थ आहे हे ठरवता येत नाही.

तेव्हा आधी हाताकडे पाहू. नवजात बाळाच्या तळव्याला आपले बोट लागले की ते मूठ आवळून धरते. ही प्रतिक्षिप्त क्रिया काही महिन्यांत मावळते आणि तिच्या जागी हेतुपुरस्सर पकडणे येते. नऊ-दहा महिन्यांचे मूल अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत मुरमुऱ्याचा दाणा उचलू लागते आणि घरच्यांना त्याचे मोठे कौतुक वाटते. त्यानंतरची पायरी मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे सोडणे. हातातली वस्तू फेकणे किंवा निसटू देणे वेगळे, आणि ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी, तिला धक्का न लावता बोटे उघडणे वेगळे. वर्षाच्या आसपासचे मूल एका ठोकळ्यावर दुसरा ठोकळा नेऊन टेकवते, पण हात मागे घेताना तोच ठोकळा बोटांबरोबर ओढला जातो आणि खाली पडतो. पाहणाऱ्याला वाटते की त्याला ठेवता आले नाही. वास्तविक त्याने ठेवलेला असतो. त्याला सोडता आलेले नसते.

हा धक्का किती लहान असू शकतो याचा हिशेब सोपा आहे. एक इंच बाजूच्या लाकडी घनाचे आकारमान सुमारे १६ घन सेंटिमीटर आणि वजन सुमारे १० ग्रॅम भरते. त्याच्या वरच्या कडेवर आडवे बल लावून तो कलंडायचा असेल तर वजनाच्या निम्मे, म्हणजे ५ ग्रॅम वजनाइतके बल पुरते. घन गुळगुळीत असेल तर कलंडण्याऐवजी त्याहूनही कमी बलाने तो घसरतो. प्लास्टिकच्या पोकळ ठोकळ्याचे वजन दोन-तीन ग्रॅमच असेल, तर एक-दीड ग्रॅम वजनाइतके बल त्याला पाडण्यास पुरेसे होईल. गुळाच्या चिकट बोटांना तेवढे सहज जमते!

आता मनोऱ्याकडे वळू. नववी-दहावीच्या वर्गात गुरुत्वमध्य शिकवताना पुढील प्रयोग जरूर करावा. २५ मिलिमीटर बाजूचे घन एकावर एक ठेवताना प्रत्येक घन खालच्यापेक्षा ४ मिलिमीटर एकाच दिशेला सरकवून ठेवा. सहा घनांचा मनोरा उभा राहतो, सातवा ठेवताच कोसळतो. कारण उघड आहे. सहा घन असताना तळच्या घनाच्या मध्यापासून वरचे पाच घन अनुक्रमे ४, ८, १२, १६ व २० मिलिमीटर सरकलेले असतात. त्यांची सरासरी, म्हणजेच त्या पाचांच्या गुरुत्वमध्याचे सरकणे, १२ मिलिमीटर येते. तळच्या घनाची कड मध्यापासून १२.५ मिलिमीटरवर आहे, म्हणून मनोरा जेमतेम तगतो. सातव्या घनाने सरासरी १४ होते आणि गुरुत्वमध्य कडेच्या बाहेर जातो. सर्वसाधारण नियम असा निघतो की, घनांची संख्या गुणिले दर घनामागची चूक हा गुणाकार घनाच्या बाजूपेक्षा कमी राहिला पाहिजे.

हा नियम मुलांच्या वयाशेजारी मांडून पाहिला तर गंमत दिसते. बालरोगतज्ज्ञांच्या तक्त्यांत साधारणपणे सव्वा वर्षाला दोन, दीड वर्षाला तीन-चार आणि दोन वर्षांना सहा ठोकळ्यांचा मनोरा असे टप्पे दिलेले असतात. दोन ठोकळ्यांना १२ मिलिमीटरपर्यंतची चूक चालते, चार ठोकळ्यांना ६ पर्यंतची आणि सहांना ४ मिलिमीटरच्या आसपासची. म्हणजे नऊ महिन्यांच्या अवधीत हाताची चूक एक तृतीयांशावर आली. हा हिशेब प्रतिकूलात प्रतिकूल परिस्थितीचा आहे हे खरे. प्रत्यक्षात चुका कधी डावीकडे तर कधी उजवीकडे होतात आणि त्या काही अंशी एकमेकींना खोडतात. शिवाय मूल वाकडा ठोकळा बोटाने नीट करते. तरीही मनोऱ्याची उंची ही हाताच्या अचूकतेची एक प्रकारची मोजपट्टी ठरते, आणि तीही मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येणारी. याच हिशेबातून आणखी एक व्यावहारिक गोष्ट निघते. घनाची बाजू ४० मिलिमीटर केली तर सहा घनांसाठी साडेसहा मिलिमीटरपर्यंतची चूक खपते. दीड वर्षाच्या मुलाच्या हाती इंचाचे ठोकळे देऊन त्याला रडवण्याऐवजी दीड इंचाचे द्यावेत.

आतापर्यंतचे सर्व बोलणे हात कोठे टेकतो याविषयी झाले. त्याहून महत्त्वाचे काम हात ठोकळ्यापर्यंत पोहोचण्याच्या आधीच सुरू झालेले असते. अमेरिकेतील रेचेल कीन व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली दहा महिन्यांच्या मुलांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाने चेंडू उचलायचा आणि कधी तो टोपल्यात टाकायचा, तर कधी एका नळीत नेमका बसवायचा. चेंडू तोच आणि उचलण्याची क्रियाही तीच. तरीदेखील पुढे टाकायचे असेल तेव्हा मुलांचा हात चेंडूकडे वेगाने गेला आणि नळीत बसवायचे असेल तेव्हा सावकाश गेला. पुढच्या कामाची तयारी हाताने आधीच्या कामातच केली होती.

याच गटाने २०१० साली ठोकळे घेतले. अठरा ते एकवीस महिन्यांची पस्तीस मुले निवडली. एका कामात ठोकळ्यांचा मनोरा रचायचा होता, तर दुसऱ्यात तेच ठोकळे उघड्या डब्यात टाकायचे होते. हाताची गती नोंदल्यावर असे दिसले की मनोऱ्याच्या कामात ठोकळा उचलायला जाणारा हातसुद्धा, ठोकळ्याजवळ पोहोचताना, वेग कमी करण्यासाठी अधिक वेळ घेतो. उंच मनोरे रचणाऱ्या मुलांचा हात ठोकळा ठेवतानाही, बुटके मनोरे रचणाऱ्यांच्या मानाने, अधिक लांबवर मंदावत जातो. स्थानकात शिरणारी गाडी कुशल चालक आधीपासून हळू करत आणतो आणि नवशिक्या ऐनवेळी ब्रेक दाबतो, तसाच हा फरक. वर्षभराने यांपैकी सोळा मुलांना पुन्हा बोलावले. तोवर सगळ्यांनाच उंच मनोरे येऊ लागले होते; पण हाताच्या गतीतील दोन गटांचा फरक मात्र कायम होता.

येथे आम्ही वाचकांना थोडे थांबण्याची विनंती करतो, कारण नेमक्या याच वळणावर खोक्यावरील मजकूर लिहिणाऱ्याची गाडी रुळावरून घसरते. या प्रयोगातून मुलाचे नियोजन ठोकळ्यांच्या खेळात दिसते हे सिद्ध झाले. ठोकळ्यांच्या खेळामुळे नियोजन येते हे सिद्ध झाले नाही. ताप मोजण्याच्या उपकरणात ताप दिसतो म्हणून ते उपकरण ताप आणते किंवा घालवते असे कोणी म्हणत नाही. वर्षभराने उरलेला फरक तर उलट असे सुचवतो की मुलामुलांत काही भेद सरावाच्या पलीकडचेही असावेत. सरावाने हात सुधारतो हे सर्वसामान्य तत्त्व आम्हीही मानतो. रांगोळीच्या ठिपक्यांपासून वीणकामापर्यंत सर्वत्र ते दिसते. परंतु तो सराव ठोकळ्यांनीच होतो, वाट्या, झाकणे, डबे यांनी होत नाही, असे म्हणायला आधार नाही. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात पूर्वी मडक्यांची उतरंड असे. मोठे खाली, लहान वर. ती पाहत आणि कधीमधी पाडत मुले वाढली. आज तिची जागा स्टीलच्या डब्यांनी घेतली आहे. दीड वर्षाचे मूल ओट्याखालचे कपाट उघडून सगळे डबे बाहेर काढून बसते, तेव्हा खोक्यावर लिहिलेले सर्व काही तेथे फुकटात चाललेले असते.

मोजमापाचे साधन आणि शिकवण्याचे साधन यांतील गल्लतीने दुसरेही एक नुकसान होते, आणि त्याची झळ मुलांना बसते. अमेरिकेत येल विद्यापीठातील आर्नल्ड गेझेल यांनी इंचाचे घन मुलांच्या विकासाची पाहणी करण्यासाठी वापरले. पुढे नॅन्सी बेली यांच्या मापनश्रेणीत ते आले, आणि बडोद्यात प्रमिला फाटक यांनी त्या श्रेणीच्या आधारे भारतीय बालकांसाठी प्रमाणके तयार केली. अशा चाचणीत ठोकळ्यांचे मोल आहे ते मुलाने ती क्रिया कोणी न घोकवता केली तरच. 'दीड वर्षाला चार ठोकळे' हे वाक्य वाचून आईवडील मुलाकडून रोज संध्याकाळी चार ठोकळे रचून घेऊ लागले की ते मूल चाचणी पार करील, पण चाचणीतून आता काहीच कळणार नाही. उलट, ज्या घरात ठोकळा कधी आलाच नाही तेथले मूल परक्या बाईंसमोर, परक्या खोलीत, लाल चौकोनी वस्तू पाहून गप्प बसून राहील आणि त्याच्या नावापुढे 'मागे' अशी खूण पडेल. या वयातील टप्प्यांना दोन्हीकडे काही महिन्यांची ऐसपैस मर्यादा असते. मूल खरोखरच मागे असेल तर ते एका मनोऱ्यावरून कळत नाही; चालणे, बोलणे, ऐकणे, नजर मिळवणे अशा अनेक खुणा एकत्र पाहाव्या लागतात, आणि शंका आलीच तर डॉक्टरांकडे पाठवण्यात उशीर करू नये हेही तितकेच खरे.

मग ठोकळ्यांचा परिणाम म्हणून प्रत्यक्ष काय तपासले गेले आहे? आश्चर्य वाटेल, पण गाजलेल्या अभ्यासांचा विषय हात किंवा स्वावलंबन हा नाहीच. तो भाषा आणि गणित हा आहे. २००७ साली सिॲटल येथील दिमित्री क्रिस्टाकिस व सहकाऱ्यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे पावणेदोनशे कुटुंबे घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला ठोकळे आणि ते कसे खेळावेत याच्या सूचना दिल्या, दुसऱ्याला अभ्यास संपेपर्यंत दिल्या नाहीत. सहा महिन्यांनी ठोकळे मिळालेल्या गटात, विशेषतः कमी उत्पन्नाच्या घरांत, मुलांची भाषा अधिक पुढे गेल्याचे आढळले. अभ्यासाची रचना चांगली आहे. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, अभ्यासाला मदत ठोकळे बनवणाऱ्या मेगा ब्लॉक्स कंपनीची होती. यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही, परंतु दुसऱ्या कोणी तो पडताळल्याशिवाय आपण त्यावर इमले बांधू नयेत. दोन, भाषेचे मोजमाप पालकांनीच भरलेल्या प्रश्नावलीतून झाले, आणि आपल्या घरी ठोकळे आले आहेत हे पालकांना अर्थातच ठाऊक होते. तीन, ठोकळे मिळालेल्या घरांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक घरांतच ते खेळल्याची नोंद रोजनिशीत सापडली. तिसरा मुद्दा आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. ठोकळे घरात आले तरी चाळीसेक टक्के घरांत ते खोक्यातच राहिले असावेत. आणि भाषा वाढली असेल तर ती ठोकळ्याने वाढवली की ठोकळ्याच्या निमित्ताने शेजारी येऊन बसलेल्या मोठ्या माणसाने, हे या अभ्यासातून वेगळे करता येत नाही.

दुसरा अभ्यास चार्ल्स वुल्फगँग व सहकाऱ्यांचा, २००१ सालचा. १९८२ साली बालवाडीत असलेल्या सदतीस मुलांच्या ठोकळे-रचनेला गुण देऊन ठेवले होते. तिसरीत आणि पाचवीत गेल्यावर त्या गुणांचा गणिताशी काही संबंध दिसला नाही. सातवीत आणि पुढे हायस्कुलात मात्र दिसला. 'ठोकळ्यांमुळे गणित पक्के होते' या वाक्यामागे बहुतेक ठिकाणी हाच अभ्यास उभा असतो. सदतीस ही संख्या एका वर्गाएवढीही नाही. शिवाय चांगली रचना करणारे मूल आणि पुढे गणितात चमकणारे मूल या दोहोंच्या मागे एखादे तिसरेच कारण असू शकते. अभ्यासकांनी बुद्ध्यांकासारखी काही कारणे हिशेबात घेतली होती, तरीही मुलांना ठोकळे देणे-न देणे त्यांच्या हाती नव्हते. फ्रँक लॉइड राइट लहानपणी ठोकळे खेळला आणि मोठा वास्तुशिल्पी झाला, ही कथाही अशीच वारंवार सांगितली जाते. ठोकळे खेळून कारकून झालेल्यांची यादी कोणी ठेवलेली नाही.

तो ज्या ठोकळ्यांनी खेळला ते फ्रोबेलचे, आणि फ्रोबेलपासून सुरुवात केल्यास आपल्या आजच्या गोंधळाचे मूळही सापडते. फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि १८४० साली त्याला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. त्याआधी तो बर्लिनमध्ये ख्रिश्चन वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली खनिजसंग्रहालयात काम करत असे, हे आमच्या शास्त्रशाखेच्या लोकांनाही क्वचितच माहीत असते. त्याच्या तिसऱ्या 'देणगी'त दोन इंचाचा एक लाकडी घन असतो आणि तो इंचाच्या आठ घनांत सुटा होतो. मिठाचा स्फटिक फोडला की पुन्हा लहान चौकोनी स्फटिकच मिळतात, हे ज्याने रोज पाहिले त्याला हे खेळणे सुचावे यात नवल नाही. कल्पना सुंदर आहे. पण तिच्याबरोबर नियमही आले: पेटी उपडी करून अख्खा घन दाखवायचा, रचनेत आठही ठोकळे वापरायचे, शेवटी पुन्हा घन करून पेटीत ठेवायचा. अनुयायांच्या हाती पडल्यावर या नियमांची कवायत झाली.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममधील सान लोरेंझो वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांचा गुलाबी मनोरा आपल्या शिक्षकांना परिचित आहे: एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटर बाजूपर्यंतचे दहा घन. सर्वांत मोठ्याचे आकारमान सर्वांत लहानाच्या हजारपट. लाकूड एकच असेल तर वजनही हजारपट. डोळ्याला दहापट दिसते आणि हाताला हजारपट जाणवते, हे या साधनाचे खरे वैभव आहे, आणि चूक झाली की मनोराच ती दाखवतो, बाईंना सांगावी लागत नाही. स्वावलंबनाविषयी ठोकळ्यांच्या इतिहासात इतके नेमके काही आम्हाला इतरत्र आढळत नाही. परंतु त्याच गुलाबी घनांची कोणी आगगाडी केली तर पारंपरिक माँटेसरी वर्गात त्याला हळूच परत मनोऱ्याकडे वळवले जाते. साधनाने शिकवायची गोष्ट ठरलेली आहे, मुलाने शोधायची नाही. आमच्या मते हा दोष आहे.

कॅरोलिन प्रॅट यांनी तो टाळला. १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये शाळा काढणाऱ्या या बाईंना सुतारकाम येत होते. त्यांचा मूळ ठोकळा सुमारे १४ सेंटिमीटर लांब, ७ रुंद आणि साडेतीन जाड. बाकीचे त्याच्या दुप्पट, चौपट, निम्मे. रंग नाही, चित्र नाही, नमुना नाही. त्यांच्या सहकारी हॅरिएट जॉन्सन यांनी मुले या ठोकळ्यांचे काय करतात हे वर्षानुवर्षे नुसते पाहिले आणि १९३३ साली ते छोट्या पुस्तकात मांडले. त्यांना दिसले की अगदी लहान मुले आधी काहीच रचत नाहीत. ती ठोकळे वाहून नेतात. येथून उचलून तेथे, तेथून पुन्हा येथे. मग ओळी आणि मनोरे, मग पूल, मग कुंपणे, आणि 'हे घर आहे' असे नाव देणे त्याहूनही पुढे. असा एक ठोकळा दोनशे ग्रॅमच्या वर भरतो. दहा-अकरा किलोच्या मुलाने दोन्ही हातांत असे दोन ठोकळे धरून उंबरा ओलांडायचा म्हणजे तोल सांभाळण्याचा केवढा अभ्यास! आपण मात्र त्याला म्हणतो, 'अरे, नुसता पसारा काय करतोस, काहीतरी बनव की.' जॉन्सनबाईंचे पुस्तक हा प्रयोग नव्हे, त्यात आकडेमोड नाही, तरीही या वयाबद्दल इतके शांतपणे पाहिलेले लिखाण आम्ही थोडेच वाचले आहे.

आजच्या बाजारातील बहुसंख्य ठोकळे मात्र एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे आहेत. लेगो कंपनीने वरची बोंडे व आतल्या नळ्या यांच्या रचनेचे पेटंट १९५८ साली मागितले; लहान मुलांसाठी दुप्पट मापाचे डुप्लो ठोकळे १९६९ साली आले. अभियांत्रिकी म्हणून ही वस्तू अप्रतिम आहे. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले तर अडकणाऱ्या ठोकळ्याने मनोऱ्यातून तोलच काढून टाकला आहे. ठोकळा एकदा दाबून बसला की हात कसाही मागे घ्या, तो पडत नाही. सोडण्याचे कौशल्य, चार मिलिमीटरची शिस्त, वेग आधीच कमी करत आणणे, यांपैकी कशाचीच गरज उरत नाही. त्याऐवजी दाबण्याचा आणि ओढून सुटे करण्याचा जोर लागतो, बोंडे जुळवावी लागतात. तेही उपयोगीच, पण ते वेगळे कौशल्य आहे. तीन वर्षांच्या मुलांना अशाच अडकणाऱ्या ठोकळ्यांची रचना समोर ठेवून तशीच करायला सांगणारा ब्रायन व्हर्डाइन व सहकाऱ्यांचा अभ्यास २०१४ सालचा आहे. त्यात रचनेचा आणि गणिती समजेचा संबंध दिसला, तो अवकाशातील स्थाने ओळखण्याच्या अंगाने. त्याचा दाखला देऊन दीड वर्षाच्या मुलाच्या 'स्नायूंच्या विकासा'ची जाहिरात करणे म्हणजे एका रोग्याचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फायलीत लावणे होय.

राहिले स्वावलंबन. हा शब्द पालक आणि जाहिरातदार ज्या अर्थाने वापरतात तो बहुधा 'मूल एकटे गप्प बसून खेळते' इतकाच असतो. आईला कामाला मोकळा वेळ मिळणे ही मोठी गोष्ट आहे, आम्ही तिची थट्टा करत नाही. पण तिला स्वावलंबन म्हणू नये. एक ते तीन या वयातले स्वावलंबन म्हणजे काय करायचे ते स्वतः ठरवणे, चुकले ते स्वतः ओळखणे आणि केव्हा थांबायचे हेही स्वतः ठरवणे. सुटा ठोकळा याला अनुकूल आहे, कारण त्याचा निकाल मोठ्या माणसाच्या तोंडून येत नाही. मनोरा पडला तर पडला. लहान मूल तो रचण्यापेक्षा पाडण्यात अधिक रमते याचेही कारण तेच असावे: इतका मोठा परिणाम, तोही आपल्या एका हाताने, त्याच्या जगात दुसरा नसतो. मोठ्याने रचावे आणि छोट्याने पाडावे हा खेळ म्हणूनच वाया जात नाही.

मोठ्यांनी मदत करायचीच नाही, असा याचा अर्थ नाही. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांचा १९७६ सालचा निबंध तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांनी एकवीस लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचण्याविषयीच आहे, आणि शिक्षणशास्त्रात आता घरोघरी झालेली 'आधाराच्या परांची'ची उपमा तेथूनच आली. त्यात शिकवणारीने नियम पाळला की आधी मुलाला करू द्यायचे आणि अडले तेवढ्यापुरताच हात द्यायचा. लहानांना कामाकडे वळवावे लागले, मधल्यांना शब्दांची मदत लागली, मोठ्यांना केवळ बरोबर असल्याची खात्री हवी होती. परांची इमारतीसाठी बांधतात आणि मग काढून घेतात. आपल्याकडे पुष्कळदा परांचीच उरते आणि इमारत उभी राहत नाही: मुलाच्या हाताला धरून बाई त्याच्याकडून ठोकळा ठेवून घेतात, तो सरळ बसतो, टाळ्या होतात. मुलाच्या हाताने त्यात काही केलेले नसते.

काही काळापूर्वी एका गावातील अंगणवाडीत आम्ही गेलो होतो. लोखंडी कपाटात लाकडी ठोकळ्यांची चांगली पेटी होती, रंगसुद्धा उडाला नव्हता. सेविकाताईंनी आम्हाला समजावले, "सर, ते साठा नोंदवहीत चढलेले आहेत. एक हरवला तर मी काय उत्तर देऊ? तपासणीला बाई आल्या की काढते, मोजून देते, मोजून घेते." बाहेर पायरीवर, शाळेत आलेल्या ताईबरोबरचा दोनेक वर्षांचा भाऊ चप्पल दुसऱ्या चप्पलेवर ठेवत होता. त्या ताईंना दोष देण्यात अर्थ नाही. पेटी सांभाळण्याचा हिशेब त्यांच्याकडे मागितला जातो, पेटी वापरण्याचा कोणी मागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून परिसरातील वस्तू वापरण्याचा त्यांचा आग्रह होता. पैशांची बचत हे त्यामागचे एक कारण होते. हरवली तरी रडू न येणारी वस्तूच मुलांच्या हाती खरोखर पडते, हा त्याचा दुसरा फायदा आम्हाला त्या कपाटासमोर उमगला. २०२३ साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' निघाला, २०२४ साली जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' हा आराखडा आला. दोन्हींचे हेतू चांगले आहेत. नोंदवहीत 'हरवलेले व झिजलेले' असा एक सन्मान्य रकाना वाढवला तर त्यांतले निम्मे काम होईल.

तोपर्यंत सुताराकडे जावे. वखारीत किंवा त्याच्या कामाच्या जागी आंब्याच्या वा सागाच्या पट्ट्यांचे तुकडे पडलेले असतात. त्यांतून ४ सेंटिमीटरचे तीसेक घन आणि ४ × ४ × ८ सेंटिमीटरचे दहा-बारा लांबट ठोकळे कापून घ्यावेत. एक घन सुमारे ४० ग्रॅम भरेल. बोटांच्या निसटत्या धक्क्याला तो दाद देणार नाही. प्लायवूडचे तुकडे घेऊ नयेत, त्यांच्या कुसळी निघतात. कडा व कोपरे आठवी-नववीच्या मुलांकडून पॉलिश पेपरने गोल करून घ्यावेत आणि रंग देऊ नये, कारण ठोकळा तोंडात जाणारच. सव्वा इंच व्यासाच्या नळीत मावेल अशी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये. घशात अडकण्याचा धोका असतो. विकतचीच घ्यायची असतील तर खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे, ते पाहून घ्यावी. ठोकळे उघड्या टोपलीत, मुलाच्या कमरेइतक्या उंचीवर ठेवावेत. आणि मूल पहिले दोन-तीन आठवडे ते नुसते इकडून तिकडे वाहून नेत राहिले तर जॉन्सनबाईंचे निरीक्षण आठवून गप्प बसावे.